डावी रांग, उजवी रांग

पौषाच्या तिसऱ्या आठवड्यात
वसतिगृहातल्या बेचाळीस पोरी एकदम शिंकायला लागल्या
आणि मी, आश्रमशाळेची विज्ञानाची बाई,
रजिस्टर आखायला बसले.

दसरीबाई हलामी, स्वयंपाकीण,
कुंपणाचा अडुळसा ओरबाडून आणते,
मूठभर गवती चहा, मिरे, गुळाचा खडा,
आणि पाणी चौथा हिस्सा उरेस्तोवर
चुलीपुढून हलत नाही.
"हप्त्याची सर्दी चार दिवसांत जाते, म्याडमजी."
कशावरून?
"कशावरून म्हंजे? जाते."

जाते का ते बघू, म्हटलं.
चिठ्ठ्या टाकून खाटा वाटल्या.
डावीकडच्या फुटक्या तावदानांना खताची पोती लावली,
म्हणजे थंडीनं कुणाची बाजू घेऊ नये.
डाव्या रांगेला काढा.
उजव्या रांगेला गुळाचं पाणी, चहापत्तीनं रंगवलेलं.
कडूपणासाठी निंबाची दोन पानं टाकायला गेले
तर दसरीबाईनं हात धरला :
"निंब बी औषधच होय ना जी?"
मग कारलं. तेही औषध.
मग भुईनिंब, मग मेथी.
या गावात जे जे कडू ते ते औषध,
खोटं औषध करायला
नुसतंच कडू असं काही मिळेना.
शेवटी उजवीकडे गोडच दिलं.
म्हणजे पहिल्याच घोटाला सगळ्यांना सगळं कळलं.

तरी मोजलं.
रात्री खिडकीबाहेर उभी राहून
एका खोकल्याला एक चिंचोका,
डाव्या रांगेचे डाव्या खिशात, उजव्या रांगेचे उजव्या.
अंधारात कोण खोकलं ते नीट कळायचं नाही.
काही चिंचोके मी अंदाजानं टाकले, हे इथे लिहून ठेवते.
रजिस्टरात नाही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सगुणा पोटावीची छाती घरघरली,
बरगड्या आत ओढायला लागल्या.
मी अजून रकाना शोधत होते, तोवर
दसरीबाईनं तिला चादरीत गुंडाळून उचललं,
"हे काढ्याचं काम नाई," म्हणाली,
आणि जीपमध्ये पुढे बसली, धानोऱ्यापर्यंत.
पातेलं तसंच चुलीवर राहिलं, करपून गेलं.
त्या रात्री डाव्या रांगेलाही गूळपाणीच.

तिसऱ्या रात्री बॅटरी न लावता आत गेले.
खाटांमधल्या वाटेवरून पेले चालत होते.
रैनू नरोटेनं अर्धा काढा समोरच्या मैनीला दिलेला,
मैनीनं अर्धं गूळपाणी तिला,
कारण ते गोड होतं,
कारण मैनी तिची मावसबहीण,
आणि कारण एकीनं प्यायचं, दुसरीनं बघत बसायचं
अशी रेघ त्यांच्या घरी कुणी मारलेली नव्हती.
मला बघून सगळ्या एकदम झोपल्या.
एक पेला तेवढा हवेत राहिला, कुणाच्या तरी हातात.

हिशोब केला.
डावी रांग, साडेसहा दिवस.
उजवी रांग, सहा दिवस आणि वर थोडं.
मधलं जे थोडं आहे
त्याला अडुळसा म्हणावं, की चिठ्ठ्यांचा खेळ,
की माझे अंदाजाचे चिंचोके?

"काय निघालं, म्याडमजी?"
गुण येतो असं दिसत नाही, म्हटलं.
येत नाही असंही दिसत नाही.
दसरीबाईनं जळकं पातेलं राखेनं घासता घासता
थोडा विचार केला.
"म्हंजे उद्या ठेवू का नोको?"

सगुणा नवव्या दिवशी परत आली, सुईच्या खुणा दाखवत.
तिची खाट मोजणीत धरायची की नाही,
अजून ठरलेलं नाही.

रजिस्टरात त्रेचाळिसावं नाव माझं आहे.
रांग : लिहिलेली नाही.
पेला : कडू, हात भाजेल इतका गरम.
किती दिवस :
मोजायचं राहून गेलं.